गमल्यात आपलं, जमिनीत सरकारचं

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. घरात सुतळीचे तुकडे साठतात ना, कोणी ठेवत नाही आणि कोणी फेकतही नाही, तसे ते साठत जातात. जबलपूरजवळच्या रांझीत, आमच्या फॅक्टरीच्या क्वार्टर लाइनीत, किती बदल्या, लग्नं, भांडणं झाली. पण आजही चार जुने लोक जमले आणि चहा झाला, की गोष्ट फिरून फिरून एका झाडावरच येते. झाड मेश्रामभाऊंचं. आता त्यांचं म्हणायचं की नाही, यावरच आमच्यात दोन तट आहेत!

मेश्रामभाऊ माझे शेजारी. मी फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये, ते तपासणीत. दिवसभर दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूत चूक काढायची, याचाच त्यांना पगार मिळायचा. आता अशी सवय काही सायकलसारखी गेटवर लावून घरात शिरता येत नाही. शकूवहिनींनी पोळी वाढली की भाऊ ती आधी उजेडाकडे धरून बघत. त्यांचं मोठ्यात मोठं कौतुक म्हणजे 'चालते'. वहिनी सांगतात, लग्नासाठी भाऊ त्यांना बघून गेल्यावरही नागपूरला माहेरी निरोप एवढाच आला होता. चालते.

असा माणूस एका झाडाच्या प्रेमात पडला.

*

आमची लाइन एकदा बस करून पचमढीला गेली होती. परतीच्या दिवशी सगळे बसमध्ये बसले आणि भाऊ गायब. अर्ध्या तासाने एक काळी पिशवी छातीशी धरून आले. पिशवीत वीतभर उंचीचं झाड. सरळ खोड, आणि चारी बाजूंना चांदणीसारख्या पसरलेल्या हिरव्यागार फांद्या, एकावर एक माळे चढवावेत तशा. नर्सरीवाल्याने त्याला अरोकेरिया म्हटलं होतं. आम्ही सगळे पहिल्या दिवसापासून क्रिसमस ट्री म्हणालो.

घाट सुरू झाला आणि बसमधल्या बायका एकेक करून खिडकीला लागल्या. शकूवहिनी सगळ्यात आधी. भाऊ त्यांच्या शेजारी, मांडीवर झाड. उजव्या हाताने खोड धरलेलं, डाव्या हाताने वहिनींच्या नाकाशी लिंबू. प्रत्येक वळणाला ओरडत, "भैया, जरा धीरे!"

शेवटी कंडक्टर वैतागून मागे आला. "अंकल, आंटीजी को ज्यादा तकलीफ है क्या?"

भाऊ म्हणाले, "नहीं, ये तो ठीक हैं. इसका सिरा हिल रहा है."

कंडक्टरने वहिनींकडे बघितलं, वहिनींनी कंडक्टरकडे. वहिनी हा किस्सा आजही सांगतात, आणि सांगताना डावा हात लिंबू धरल्यासारखा लांब करतात.

*

सिऱ्याचं भाऊंचं खरंच होतं. या झाडाचा वरचा शेंडा एकदा मोडला की ते पुन्हा सरळ वाढत नाही. खालची फांदी एकदा वाळून गळली की तिथे दुसरी येत नाही. म्हणजे चूक झाली की दुरुस्ती नाही. तपासणीच्या माणसाला याहून मोठी धास्ती कोणती असणार!

झाड व्हरांड्यात गमल्यात होतं. कुंडीला आमच्याकडे सगळे गमलाच म्हणतात. व्हरांड्यात उजेड फक्त रस्त्याच्या बाजूने येई, म्हणून झाड तिकडे झुकू नये यासाठी भाऊ दर रविवारी गमला पाव वळसा फिरवत. मग गवंड्याचा ओळंबा घेऊन खोड सरळ आहे की नाही ते बघत. आमच्या घरी रविवार असल्याचं कॅलेंडर बघून नाही, भाऊंचा ओळंबा बघून कळायचं.

एका पावसाळ्यात त्यांच्या आईचं ऑपरेशन निघालं आणि त्यांना दोन महिने नागपूरला राहावं लागलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "दर रविवारी पाव वळसा. शकूवर माहा भरवसा नाही, ते विसरते. पण तिले सांगू नको, वाईट वाटन." मी मान डोलावली. एवढा विश्वास टाकला म्हणून मला बरंही वाटलं. दर रविवारी पेपर आणायला जाताना मी गुपचूप त्यांच्या व्हरांड्यात शिरायचो, गमला फिरवायचो आणि निघायचो.

भाऊ परत आले तर झाड रस्त्याकडे असं वाकलेलं, जणू बसची वाट बघून राहिलं आहे.

"एकही रविवार चुकला नाही भाऊ," मी म्हणालो.

"काहून? मी तर फिरवत होती," वहिनी म्हणाल्या.

समोरच्या क्वार्टरमधले तिवारीजी हळूच म्हणाले, "मेश्राम साहब, घुमाया तो हमने भी है. आप ही बोल गए थे, किसी को बताना मत."

मग माझी बायको सुनंदा हात पुसत बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मलेबी सांगितलं होतं. म्हणे तुह्या नवऱ्याच्या लक्षात राहणार नाही."

चार माणसं, प्रत्येकाचा पाव वळसा. झाड दर रविवारी अख्खा फेरा मारून जिथल्या तिथे! आयुष्यात पहिल्यांदा लाइनीतल्या चौघांनी दिलेलं काम चोख केलं आणि त्यानेच घात झाला. भाऊंनी गमला स्वतःच्या हाताने पाव वळसा फिरवला. मग म्हणाले, "एकानं तरी आळस कराले पाहिजे होता."

*

जबलपूरचा मे महिना ज्याने काढला त्याला पचमढीच्या झाडाचं काय होत असेल ते सांगायला नको. एक दिवस ड्यूटीवर जाताना भाऊंनी खिडकीतला कूलर काढला आणि उलटा करून लावला. गार हवा बाहेर व्हरांड्यात, झाडावर. घरात वहिनी आणि एक पंखा.

आम्हाला वाटलं आज भांडण होणार. पण वहिनी भांडल्या नाहीत. त्यांनी बाज उचलली, झाडाच्या बाजूला टाकली आणि तिथे भाजी निवडत बसल्या. दुपारी सुनंदा ताक घेऊन गेली ती तिथेच रमली. मग तिवारीजींची मिसेस स्वेटरचं विणकाम घेऊन आली. मे महिन्यात स्वेटर! पण हवा खरंच तितकी गार होती.

चार वाजता भाऊ ड्यूटीवरून आले तर व्हरांड्यात चपलांचा ढीग, बाजेवर लाइनीतल्या सगळ्या बायका, आणि झाडाच्या फांदीला कोणाचा तरी ओला रुमाल वाळत घातलेला. भाऊंना झाडापर्यंत जायला वाट नव्हती.

"दीदी, जरा सरका," ते म्हणाले.

वहिनी म्हणाल्या, "हळू बोला. झोपून राहिलं ते."

दुसऱ्या दिवशी कूलर सुलटा झाला आणि व्हरांड्याला ओली पोती लागली. बायका महिनाभर हळहळत होत्या.

*

माझ्या गेटपाशी मोरपंखीची दोन झुडपं होती. आमच्याकडे तिला 'विद्या' म्हणतात. तिची डहाळी पुस्तकात ठेवली की अभ्यास चढतो, अशी मुलांची पक्की श्रद्धा. परीक्षा आली की माझी मोरपंखी मुलांचा हात पोचेल तिथपर्यंत टक्कल पडलेली असायची, वर मात्र झुबका. तिच्याकडे बघून लाइनीत सहामाही चालू आहे की वार्षिक, ते सांगता यायचं.

एका वर्षी खालची विद्या संपली आणि मुलं भाऊंच्या झाडाकडे वळली. भाऊ ओरडले नाहीत. पोरांना जवळ बोलावून हळूच म्हणाले, "ये विद्या नहीं है बेटा. ये उल्टा वाला है. जिसने किताब में रखा, उसकी सप्लीमेंट्री पक्की."

नापास होऊन पुन्हा परीक्षा द्यायची कोणाची तयारी नव्हती, तेव्हापासून त्या झाडाला कोणी बोट लावलं नाही. मला ही युक्ती इतकी आवडली की मी ती फॅक्टरीत सगळ्यांना सांगितली.

दहावीच्या गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी माझी मुलगी पिंकी रडून रडून लाल झालेली. जेवेना, बोलेना. शेवटी सुनंदाने गणिताचं पुस्तक तिच्या हातातून ओढून घेतलं, तर आत भाऊंच्या झाडाची वाळकी डहाळी. भाऊंनी सांगायच्या आधीच हिने ठेवली होती!

मी तिला भाऊंकडे नेलं. म्हणालो, "भाऊ, तुमी केलं, तुमीच निस्तरा." भाऊ म्हणाले, "अरे, ते तर मी असंच..." पण पिंकी मानायला तयार नव्हती. असंच कसं असेल? मेश्रामकाका कधी चुकीचं सांगत नाहीत, ते तर तपासणीत आहेत!

भाऊंनी डहाळी परत घेतली. म्हणाले, "उतारा आहे, पण मेहनतीचा. पन्नास गणितं करावी लागतील, माह्यासमोर." पिंकी बसली. एक गणित चुकलं की भाऊ फक्त "रिजेक्ट" म्हणायचे आणि ती पुन्हा करायची. पोरगी गणितात डिस्टिंक्शनने पास झाली. निकाल घेऊन पहिल्यांदा ती भाऊंकडे गेली, आमच्याकडे नंतर. याचा सुनंदाला अजून राग आहे.

*

झाड वाढत गेलं आणि लाइनीचंच झालं. डिसेंबरमध्ये हातगाडीवर बसून शाळेच्या कार्यक्रमाला जायचं, कापूस आणि चमकीचे गोळे घालून घ्यायचं. चौदा एप्रिलला तीच हातगाडी त्याला विहारात न्यायची, तिथे निळ्या बल्बांची माळ. शाळेचे गोळे डिसेंबरनंतर कोणी काढत नसे, त्यामुळे जयंतीला बाबासाहेबांच्या फोटोशेजारी आमचं झाड निळं आणि सोनेरी असं दोन्ही चमकायचं. भन्तेजींनी एकदा त्यातला एक गोळा हातात घेऊन बघितला, हसले आणि परत फांदीला नीट अडकवून दिला.

भाऊ दोन्हीकडे हातगाडीच्या बाजूने चालत जायचे, हात खोडावर. लोक म्हणायचे, "मेश्रामजी, छोड़िए, गिरेगा नहीं." ते सोडायचे नाहीत.

*

मोठा गमला छोटा पडला, मग बादली, मग सिमेंटची कुंडी, मग तेलाचा अर्धा कापलेला ड्रम. शेंडा व्हरांड्याच्या छताला टेकायला आला. सगळे सांगायचे, भाऊ, आता जमिनीत लावा. आणि भाऊ एकच बोलायचे, "गमल्यात आहे तोवर आपलं. जमिनीत गेलं की सरकारचं."

ते काही चूक नव्हतं. क्वार्टर सरकारचं, त्याची माती सरकारची. रिटायर झाल्यावर घर रिकामं करून द्यायचं आणि त्यात जे रुजलं ते तिथेच सोडून जायचं. आणि आमच्या लाइनीची रीत तर याहून वाईट. नवीन माणूस आला की पहिल्याच रविवारी आधीच्याचं अंगण साफ करतो. तिवारीजींनी आल्या आल्या जुना पेरू पाडला होता. मी स्वतः एक कढीपत्ता आणि दोन पपया काढल्या होत्या. त्यात कोणाचा राग नसतो, फक्त आता इथे मी राहतो, एवढं सांगायचं असतं.

भाऊंच्या रिटायरमेंटला थोडेच दिवस उरले होते. मुलाने शहरात चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता, त्याची बाल्कनी ही एवढी. आणि तेव्हाच झाडाची सगळ्यात खालची फांदी पिवळी पडायला लागली. ड्रममध्ये मुळांना जागाच उरली नव्हती. ठेवलं तर मरणार, लावलं तर सोडून जावं लागणार. भाऊंची झोप उडाली होती, हे वहिनींनी सुनंदाला सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

एका रविवारी भाऊंनी गेटजवळ खड्डा खणला. चारी बाजू मोजून, ओळंब्यात. आम्हाला वाटलं चला, ठरलं. पण झाड काही खड्ड्यात जाईना. खड्डा तसाच. "माती जरा तापू द्या," म्हणायचे. मग म्हणायचे, "जरा पाऊस पडू द्या." शेवटी एका संध्याकाळी तिवारीजी साखर मागायला आले आणि कमरेपर्यंत आत गेले. आतूनच म्हणाले, "मेश्राम साहब, पेड़ नहीं लगाना है तो हम ही लग जाते हैं."

दुसऱ्या दिवशी भाऊ ड्यूटीवर गेले आणि वहिनींनी मला हाक मारली. "चला. आज लावून टाकू." मी म्हणालो, वहिनी, भाऊ रागावतील. त्या म्हणाल्या, "रागावू दे. पोरगी नागपूरले देली तेव्हा बी आठ दिवस जेवले नव्हते. ते का मरून राहिली तिथं? चांगली दोन पोरांची माय झाली."

मी, तिवारीजी, सुनंदा आणि वहिनी, चौघांनी मिळून ड्रम कापला आणि झाड खड्ड्यात उतरवलं. या वेळी चौघांनी एकमेकांना सांगून ढकललं.

भाऊ आले. गेटमध्ये उभे राहिले. आम्ही चिखलाने भरलेले चौघे ओळीत, शिक्षेला उभं केल्यासारखे. त्यांनी झाडाकडे बघितलं, मग वहिनींकडे. मला वाटलं आता काहीतरी तोडून बोलतील.

"तिरपं आहे," भाऊ म्हणाले आणि ओळंबा आणायला आत गेले. आम्हाला दिवेलागणीपर्यंत सोडलं नाही.

*

भाऊ रिटायर होऊन मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेले आणि त्यांच्या क्वार्टरमध्ये सतनाकडचं एक तरुण जोडपं आलं. नवरा आमच्याच फॅक्टरीत, बायको नेहा. मी भाऊंना फोन करून म्हणालो, "मी सांगून ठेवतो त्यांना, झाड तुमचं आहे म्हणून. हात नाही लावणार."

"बिलकुल नाही सांगायचं," भाऊ म्हणाले. "सांगितलं तर ते लाजेखातर ठेवतील. लाजेखातर ठेवलेल्या झाडाले कोणी पाणी देत नाही."

पहिला रविवार आला. मी सकाळपासून फाटकापाशी पेपर घेऊन बसलो. नेहाच्या नवऱ्याने कुदळ काढली, वहिनींची तुळस सोडून सगळं साफ केलं. शेवंती गेली, आळू गेलं, लिंबू गेलं. मग तो झाडापाशी आला. बायको आतून काहीतरी बोलली. तो कुदळ खांद्यावर टाकून आत गेला. मी भाऊंना फोन केला तर पहिल्या रिंगला उचलला. "आज राहिलं," एवढंच मी बोललो.

त्यानंतर भाऊ वर्षभर इकडे फिरकले नाहीत. विहारात भेटायचे, लाइनीत यायचे नाहीत. मीही झाडाचा विषय काढत नसे. एका रविवारी मात्र स्कूटरवरून आले. म्हणे तुह्याकडे आलो, चहा घेऊ. चहाला आलेला माणूस माझं फाटक सोडून सरळ पुढे गेला आणि त्यांच्या जुन्या तारेच्या कुंपणापाशी थांबला.

झाड छताच्या वर गेलं होतं. शेंड्याशी नवे दोन माळे धरले होते, आणि त्या वर्षीच्या पिवळ्या फांदीच्या जागी आता नुसता वण उरला होता. बुंध्याभोवती आळं केलेलं, त्यात ओली माती. भाऊंनी तारेवरून हात घातला आणि एका फांदीचं टोक दोन बोटांत धरलं.

"अंकल जी!" नेहा पाण्याचा पाइप हातात घेऊन आली. "छूइए मत प्लीज. टूटता है तो वापस नहीं आता."

भाऊंनी हात मागे घेतला. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझं मनगट असं दाबलं की मी तसाच राहिलो.

"किसका है?" भाऊंनी विचारलं.

"हमारा है," ती म्हणाली. मग जरा नरमली. "आपको लगाना है क्या? नर्सरी में मिल जाएगा. बस गमले में मत रखिएगा अंकल, लोग यही गलती करते हैं. इसको जमीन चाहिए."

"अच्छा," भाऊ म्हणाले. "याद रखूँगा."

तिने पाइप बुंध्यापाशी सोडला आणि आम्ही जाईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

भाऊ माझ्या व्हरांड्यात येऊन बसले. सुनंदाने चहा ठेवला, तो तसाच राहिला. त्यांनी फोन काढला, वहिनींना लावला.

"शकू, आइक. झाडापाशी गेलो होतो. पोरीनं हात लावू नाही देला."

पलीकडून वहिनींनी काहीतरी विचारलं.

"हाव," भाऊ म्हणाले. "मलेच."